एका मजल्यावरचा भोपळा

साल १९६१, महिना मे. वरळीच्या बीडीडी चाळीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावर उभे आहात. मधोमध काळोखा, लांबलचक व्हरांडा, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. आज या मजल्यावर कोकण, घाट आणि तेलंगणा शेजारी-शेजारी नांदताहेत.

गिरणीची पहिली पाळी सुटलीय. भाजीवाल्या मावशींनी जिन्याच्या तोंडाशी पाटी उतरवली आहे. पुढे व्हा, ऐका.

“मावशे, डांगर कसं दिलं?” ही साताऱ्याकडची वहिनी.

“भोपळो ताजो आसा मां?” ही सावंतवाडीची वयनी.

तेलंगणातल्या पद्मशाली विणकर समाजाच्या अक्का मुलाच्या कानात तेलुगूत ‘गुम्मडिकाया’ म्हणतात. मावशी तिघींना एकाच भोपळ्याच्या फोडी कापून देतात.

अक्कांकडे जरा थांबा. त्यांच्या तोंडी वांगं वंकाया, भेंडी बेंडकाया, कारलं काकरकाया. ‘काया’ म्हणजे कच्चं, भाजीचं फळ; पिकलं की ‘पंडु’. म्हणून कैरी मामिडिकाया आणि पिकला आंबा मामिडिपंडु. फळाचं वय नावातच सांगणारी ही रीत मला फार लोभस वाटते. कोकणाने असा जीव फणसावर लावला: कोवळी ती कुयरी, पिकल्यावर कापा की बरका, आत गरे, गऱ्यात आठळी.

पाटीतला बटाटा सातारा आणि सावंतवाडी दोघींचा एकच; अक्कांचा तेवढा आलुगड्डा. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांत ‘बटाटा’ हे रताळ्याचं नाव होतं, ते पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं. काजू, पपई, अननस ही नावंही अमेरिका खंडातून त्यांच्याच जहाजांनी आणलेली.

अक्कांचा मुलगा बघा. आईकडे तो गुम्मडिकाया मागतो, मावशींकडे भोपळा, आणि वहिनींच्या खोलीत पाटावर बसला की डांगराची भाजी. कोणत्या उंबऱ्यात कोणता शब्द, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला फणस वर आला. हाताला खोबरेल लावा, चीक लागेल. गरे खा, पण आठळ्या टाकू नका. अक्कांना त्या हव्यात. “मीठ घालून उकड, नायतर निखाऱ्यात भाज,” वयनी सांगते. अक्का शब्द घोळवून बघतात, “आटळी.” सगळा मजला एका सुरात दुरुस्त करतो.