पाप आणि गुन्हा : इंग्लंडचे चर्च व १९६७ चा कायदा

१/८
१९५२. महायुद्धात जर्मन गुप्तसंदेश उलगडणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. गुन्हा : पुरुषाशी शरीरसंबंध. तुरुंग टाळण्यासाठी त्यांनी संप्रेरकांचे उपचार पत्करले. दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला.
हा कायदा बदलण्यात अनपेक्षित वाटा होता चर्च ऑफ इंग्लंडचा.

२/८
मुळात हा विषय धर्मन्यायालयांचा. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात संसदेने तो राजसत्तेच्या कायद्यात आणला व देहदंड ठरवला. पापाचा गुन्हा झाला. १८६१ मध्ये देहदंड गेला. मात्र १८८५ च्या कायद्याने तुरुंगाची कक्षा वाढवली. ऑस्कर वाइल्ड त्याच कलमाखाली तुरुंगात गेले.

३/८
१९५४ मध्ये चर्चच्याच एका परिषदेने कायदा बदलण्याची बाजू मांडली. त्यामागे होते धर्मगुरू डेरिक शर्विन बेली. १९५५ च्या ग्रंथात त्यांनी परंपरेच्या मुळाशीच हात घातला : सदोम नगरीचे पाप समलिंगी संबंध हे नसून, दारी आलेल्या परक्यांशी केलेले दुर्वर्तन हे होते.

४/८
१९५७ मध्ये सरकारने नेमलेल्या वुल्फेंडन समितीने शिफारस केली : प्रौढ पुरुषांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्हा मानू नयेत.

५/८
कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी या शिफारशीला पाठिंबा दिला. त्यांचे उत्तराधिकारी मायकेल रॅम्झी यांनी १९६५ मध्ये लॉर्ड्स सभागृहात सुधारणेची बाजू घेतली. असे संबंध दोघांच्याही मते पापच. पण प्रत्येक पापाची शिक्षा राज्याने द्यावी, हे त्यांना मान्य नव्हते.

६/८
जुलै १९६७ मध्ये कायदा झाला. सवलत २१ वर्षांवरील पुरुषांना, तीही फक्त इंग्लंड-वेल्समध्ये. स्कॉटलंडला १९८० पर्यंत, उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावे लागले.

७/८
याला स्वीकार म्हणता येईल का? नाही. चर्चने तुरुंगाचे दार उघडण्यास हातभार लावला. स्वतःचे दार मात्र बंदच ठेवले. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना तिथे डिसेंबर २०२३ मध्ये मुभा मिळाली. चर्चमध्ये त्यांचा विवाह मात्र अजूनही होत नाही.

८/८
ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेतून हाच निषेध कलम ३७७ च्या रूपाने भारतात रुजवला. लंडनमधील सुधारणा स्वतंत्र भारताला लागू होणार नव्हती. प्रौढांच्या संमतीचे संबंध त्या कलमातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ रोजी. ज्यांनी कायदा दिला, त्यांनी तो आपल्या घरी बदलल्यानंतर ५१ वर्षांनी.