उल्हासनगरची लोकसंख्यावाढ

उल्हासनगर : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक उपनगरी शहर. लोकसंख्या ५,०६,०९८ (२०११). मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गाने सु. ५८ किमी. अंतरावर, कल्याणलगत ते वसले आहे. महानगरातील जागेची टंचाई व उद्योगांचा विस्तार यांमुळे उपनगरे सामान्यतः क्रमाक्रमाने वाढतात. उल्हासनगरची मूळ वस्ती मात्र फाळणीमुळे अल्पावधीत एकत्र आली. या उत्पत्तीचा परिणाम शहराच्या पुढील वाढीवर, गृहरचनेवर व लोकसंख्येच्या घटनेवर दीर्घकाळ टिकून राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी तळ उभारण्यात आला होता. तेथे दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. पंजाब व बंगाल यांप्रमाणे सिंध प्रांताची विभागणी झाली नाही; तो संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे तेथून आलेल्या हिंदूंना भारतात स्वभाषिक प्रदेश उरला नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर स्थलांतराचा वेग वाढला व अनेक कुटुंबे जलमार्गाने मुंबईस पोहोचली. त्यांपैकी सु. एक लाख निर्वासितांची सोय या रिकाम्या तळावर, पाच छावण्यांमध्ये करण्यात आली. एका बराकीत अनेक कुटुंबे गोणपाटाचे पडदे लावून राहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी शहराची कोनशिला बसविली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास नाव देण्यात आले. १९५५ मध्ये स्वतंत्र रेल्वे स्थानक, १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली.

१९५१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सु. ८१ हजार होती. ती १९६१ मध्ये सु. १.०८ लाख, १९७१ मध्ये सु. १.६८ लाख व १९८१ मध्ये सु. २.७४ लाख झाली. १९९१ मध्ये ती ३,६९,०७७ व २००१ मध्ये ४,७३,७३१ होती. म्हणजे १९५१ नंतरची सर्वाधिक वेगाची वाढ १९६१ ते १९८१ या काळात झाली. शहाड व अंबरनाथ येथील कारखाने, तसेच शहरातील कापड, तयार कपडे, लाकूडसामान व किरकोळ वस्तूंचे लघुउद्योग ही तिची प्रमुख कारणे होत. भांडवल नसलेल्या निर्वासितांनी घरातच सुरू केलेल्या या उद्योगांना पुढे बाहेरून मजूर आणावे लागले.

त्यामुळे लोकसंख्येचे स्वरूपही पालटले. प्रारंभी जवळजवळ सर्वस्वी सिंधी असलेल्या या वसाहतीत मराठी व हिंदी भाषिकांचे प्रमाण वाढत गेले. सुस्थितीतील अनेक सिंधी कुटुंबे मुंबई, पुणे व परदेशांत गेली. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला; तथापि नव्या पिढीने शिक्षणासाठी इंग्रजी माध्यम पसंत केल्याने शाळांतील सिंधीचे स्थान दुर्बळ झाले.

शहराचे क्षेत्र सु. १३ चौ. किमी. एवढेच आहे. २०११ मध्ये लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.स ३८ हजारांच्या आसपास होती. बराकी रहिवाशांच्या मालकीच्या झाल्यावर त्याच भूखंडांवर बहुमजली इमारती उठल्या. त्यांतील पुष्कळ विनापरवाना होत्या. उच्च न्यायालयाने अशा शेकडो इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर हजारो रहिवाशांच्या निवाऱ्याचा प्रश्न निर्माण झाला व २००६ मध्ये राज्य शासनाने ती बांधकामे नियमित करण्यासाठी खास अधिनियम केला. अधिनियमाने बांधकाम वैध ठरू शकले, तरी ते सुरक्षित होत नाही. मे २०२१ मध्ये जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली, तेव्हा हे स्पष्ट झाले. दाट वस्ती व कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे वालधुनी नदीही अतिशय प्रदूषित झाली.

२००१–११ या दशकात शहराची वाढ केवळ सु. ७ टक्के झाली. याच काळात कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ वरून १,७४,२२६ झाली, म्हणजे सु. ७८ टक्क्यांनी वाढली. उपनगरी वाढीचा ओघ लोहमार्गाने पुढे सरकला, हे यावरून दिसते. उल्हासनगरपुढील मुख्य प्रश्न नव्या रहिवाशांना सामावून घेण्याचा राहिला नसून, आधीच वसलेल्यांना सुरक्षित घरे मिळवून देण्याचा आहे.