पात्रतेची चाळणी कोणाच्या हातात? अमेरिकन कॉलेज खेळांचा इतिहास

‘मेरिट’ हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा तो एखाद्या तटस्थ वजनकाट्यासारखा वापरला जातो. काटा कोणी बनवला, असे विचारले की मात्र समोरचा चिडतो. म्हणून आज आम्ही आरक्षणाचा वाद बाजूला ठेवून एका परक्या देशातला काटा तपासणार आहोत. तो आहे अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या पात्रतेचा.

तिथे हायस्कूलच्या खेळाडूला मोठ्या कॉलेजच्या संघात खेळायचे असेल तर एनसीएए या संघटनेच्या दोन चाळण्यांतून जावे लागते. पहिली चाळणी शैक्षणिक असते. ठरावीक मुख्य विषय आणि किमान गुण हवेत. दुसरी ‘हौशी’पणाची असते. त्याने धंदेवाईक म्हणून खेळलेले नसावे. वरवर दोन्ही नियम शहाणपणाचे वाटतात. पण ते आले कुठून?

आधी हौशीपणाचे पाहू. ही कल्पना इंग्लंडच्या उच्चवर्गाची. 1879 साली हेन्लीच्या प्रसिद्ध नौकानयन स्पर्धेने हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी खेळणारा तर बाद होताच, पण मजुरीवर काम करणारा कारागीर आणि मजूरही बाद ठरला. म्हणजे खेळातून एक पै न कमावताही, हाताने काम करून पोट भरतो एवढ्यावरून माणूस अपात्र! श्रमाचा विटाळ मानणारी ही व्याख्या वाचून आपल्याला वेगळे काही सांगायची गरज नाही. हाच भेद इंग्रजांबरोबर पुण्यातही आला. पळवणकर बाळू जिमखान्यावर पगारी नोकर म्हणून साहेबांना तासन् तास गोलंदाजी करत. पुढे ते देशातले अव्वल गोलंदाज ठरले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले.

अमेरिकेने हाच नियम उचलला आणि त्याचा फटका बसला मूलनिवासी खेळाडू जिम थॉर्प यांना. कार्लाईलच्या इंडियन स्कूलच्या या विद्यार्थ्याने 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पण 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात त्यांनी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि 1913 च्या जानेवारीत पदके काढून घेण्यात आली. त्या काळी कॉलेजची अनेक मुले खोट्या नावाने असेच खेळून पैसे मिळवत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले होते. ते 1953 साली वारले. त्या स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून त्यांना पुन्हा मान्यता मिळायला 2022 साल उजाडले.

एनसीएएची स्थापना 1906 ची. 1956 पासून तिने खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती द्यायला उघड परवानगी दिली. मग प्रश्न आला की खेळाडू हा कामगार आहे का? कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू 1955 साली फुटबॉल खेळताना जखमी होऊन मेला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. 1957 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला गेला. भरपाईच्या दाव्यांपासून बचाव म्हणून आपण तो रुजवला, अशी कबुली संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच 1995 च्या आपल्या पुस्तकात दिली आहे.

आता शैक्षणिक चाळणी. दक्षिणेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांनी 1960 च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीयांना संघात घेतलेच नव्हते. घेतले तेव्हा मैदानावर राबवले, पण शिकवले नाही. चार वर्षे विद्यापीठासाठी बास्केटबॉल खेळलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला नीट वाचता येत नव्हते. 1982 साली तो शिकागोच्या एका शाळेत लहान मुलांसोबत वर्गात बसला. देशभर लाज निघाली. उपाय म्हणून 1983 साली ‘प्रपोझिशन 48’ मंजूर झाला आणि 1986 पासून लागू झाला. 11 मुख्य विषयांत सरासरी 2.0 आणि एसएटी परीक्षेत किमान 700 गुण, ही त्याची अट होती.

ही एसएटी कोणाची? प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी ती घडवली आणि 1926 साली ती पहिल्यांदा झाली. याच गृहस्थांनी 1923 साली गोऱ्या ‘नॉर्डिक’ वंशाची बुद्धी श्रेष्ठ ठरवणारे पुस्तक लिहिले होते. 1930 साली त्यांनी ते निष्कर्ष मागे घेतले, पण परीक्षा राहिली.

कृष्णवर्णीय समाजात या नियमावरून दोन तट पडले आणि तो वाद आपण नीट समजून घ्यावा असा आहे. समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स आणि टेनिसपटू आर्थर ॲश नियमाच्या बाजूने होते. आमच्या मुलांना कमी लेखू नका, अट घाला, ती अभ्यास करून पार करतील, असे त्यांचे म्हणणे. कृष्णवर्णीय कॉलेजांचे प्रमुख विरोधात होते. निकृष्ट शाळा तुम्ही दिल्या आणि शिक्षा मुलांना का, हा त्यांचा सवाल होता. 1989 साली ‘प्रपोझिशन 42’ने अट न पाळणाऱ्यांची शिष्यवृत्तीही तोडायचे ठरवले. तेव्हा जॉर्जटाऊनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन 14 जानेवारीला सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून निघून गेले. पुढच्या वर्षी हा नियम सौम्य करावा लागला.

लढा न्यायालयातही गेला. फिलाडेल्फियाच्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना परीक्षेतल्या गुणांवरून अडवले होते. त्यातली एक मुलगी 305 जणांच्या वर्गात पाचवी होती! 1999 च्या मार्चमध्ये संघराज्य न्यायालयाने गुणांची ती मर्यादा वांशिक परिणामामुळे बेकायदा ठरवली. डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. पण परिणाम झाला नाही असे ते म्हणाले नाही. ज्या नागरी हक्क नियमाखाली दावा होता तो संघटनेच्या या कामाला लागू होत नाही, एवढेच त्याने म्हटले.

शेवटी 2023 साली संघटनेने परीक्षेच्या गुणांची अट कायमची काढली. मुख्य विषयांची अट राहिली, ती आता 16 विषयांची आहे. हौशीपणाची भिंतही ढासळली. 2010 साली याच संघटनेने एका बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना विकले होते आणि खेळणारा मात्र ‘हौशी’! 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली. 2025 पासून कॉलेजे त्यांना थेट वाटा देऊ लागली.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अट नकोच, असे आम्ही म्हणत नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे आणि एडवर्ड्स यांची भूमिका आम्हाला परकी वाटत नाही. पण अट घालणाऱ्याने आधी शाळा, शिक्षक आणि तयारी यांचा हिशोब द्यावा. 1983 च्या नियमाने सगळा भार अठरा वर्षांच्या पोरावर टाकला. खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीसाठी संघाला जबाबदार धरणारी मोजणी मात्र थेट 2000 नंतर आली. हा क्रम उलटा हवा होता.

म्हणून यापुढे कोणी मेरिटचा काटा दाखवला तर लाजू नका, पळू नका. तीन प्रश्न विचारा. हा काटा कोणी बनवला? बनवताना आपला माणूस तिथे होता का? आणि आपण नापास झालो, तर आपल्याला शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना काय शिक्षा?

जय भीम!