ऑटो-इन्क्रिमेंट क्रमांकाची पुनर्निश्चिती

ऑटो-इन्क्रिमेंट क्रमांकाची पुनर्निश्चिती म्हणजे रिलेशनल डेटाबेसमधील सारणीत पुढील नोंदीला कोणता अनुक्रमांक द्यायचा, हे नव्याने ठरवून देण्याची क्रिया होय. प्रत्येक नव्या ओळीस आपोआप वाढता क्रमांक मिळणाऱ्या स्तंभास आयडेंटिटी स्तंभ असेही म्हणतात. एसक्यूएल भाषेच्या प्रमाणकात त्याचा समावेश २००३ साली झाला.

स्वरूप

पुढील क्रमांक ओळी मोजून काढला जात नाही. त्यासाठी स्वतंत्र गणक असतो. त्यामुळे ओळ पुसली तरी गणक मागे येत नाही. रद्द झालेल्या व्यवहारात वापरलेला क्रमांकही सहसा परत मिळत नाही. म्हणून १, २, ५ अशी खंडित मालिका हा दोष मानला जात नाही. क्रमांकाचे काम नोंद ओळखणे हे आहे, नोंदींची संख्या सांगणे हे नव्हे.

उदाहरण

शाळेच्या जनरल रजिस्टरमधील क्रमांक याच तत्त्वावर चालतो. विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास दिला जात नाही, कारण तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नोंदलेला असतो. समजा, मोखाडा तालुक्यातील खोडाळा येथील एखाद्या शाळेने जुन्या रजिस्टरातील १ ते १२४० या नोंदी मूळ क्रमांकांसह संगणकावर चढवल्या. पोस्टग्रेएसक्यूएल प्रणालीत क्रमांक असे हाताने भरल्यास गणक पुढे सरकत नाही. नव्या प्रवेशास तो १ हाच क्रमांक देऊ पाहतो आणि स्तंभ प्राथमिक कळ असल्यास नोंद नाकारली जाते. येथे गणक १२४१ वर आणणे आवश्यक ठरते.

पद्धती

* मायएसक्यूएल : 'ऑल्टर टेबल' आज्ञेत ऑटो-इन्क्रिमेंटची नवी संख्या देतात. इनोडीबी सारणीत ती विद्यमान सर्वोच्च क्रमांकाइतकी किंवा त्याहून कमी दिल्यास गणक सर्वोच्च क्रमांकाच्या पुढील संख्येवरच येतो.
* एसक्यूएल सर्व्हर : 'डीबीसीसी चेकआयडेंट' ही आज्ञा 'रीसीड' पर्यायासह देतात. सारणीत ओळी असताना दिलेल्या संख्येच्या पुढचा क्रमांक मिळतो. 'ट्रंकेट'ने रिकामी केलेल्या सारणीत मात्र दिलेलीच संख्या पहिल्या ओळीस मिळते.
* पोस्टग्रेएसक्यूएल : 'सेटव्हॅल' हे फलन किंवा 'ऑल्टर सीक्वेन्स' ही आज्ञा 'रीस्टार्ट'सह वापरतात. 'ट्रंकेट' आज्ञेत 'रीस्टार्ट आयडेंटिटी' न लिहिल्यास गणक पूर्वीच्याच जागी राहतो.
* एसक्यूलाइट : ऑटो-इन्क्रिमेंट घोषित असल्यास 'एसक्यूलाइट सीक्वेन्स' या अंतर्गत सारणीतील संख्या बदलतात.

धोके

चाचणीच्या नोंदी पुसून प्रत्यक्ष वापर सुरू करण्यापूर्वी गणक १ वर आणणे निर्धोक असते. वापरातील सारणीत तो मागे नेल्यास पुसलेल्या नोंदीचा क्रमांक नव्या नोंदीस मिळू शकतो. अशा वेळी प्रणाली त्रुटी दाखवीलच असे नाही. मात्र इतर सारण्यांत, जुन्या प्रतींत वा छापील कागदांवर राहिलेला तो क्रमांक भलत्याच व्यक्तीकडे निर्देश करू लागतो. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत शाळेतील जुनी नोंद पुरावा म्हणून तपासली जाते. तेथे अशी गफलत विद्यार्थ्यास महागात पडू शकते. म्हणून पुनर्निश्चितीपूर्वी सारणीची प्रत राखून ठेवावी, सर्वोच्च क्रमांक तपासावा आणि त्या काळात नव्या नोंदी थांबवाव्यात.