सोळावे लागले, की सोळा पुरी झाली?

श्रोतेहो, टाळगाव चिखली हे आमचे गाव. तुकोबांच्या टाळाशी नाते सांगणारे हे खेडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले, आणि आज तळवडे-चाकणकडे नोकरीच्या शोधात निघालेले कितीतरी तरुण येथे खोली घेऊन राहतात. प्रथम संगणकावर हिशेबाची व तर्काची चाचणी, मग मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, अशा पायऱ्या त्यांना चढाव्या लागतात. प्रत्येकाच्या पिशवीत तळाशी एक जीर्ण कागद असतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. उमेदवाराला वाटते की, आपले दैव चाचणीत आहे. परंतु पुष्कळदा ते या कागदातच आधी लिहिले गेलेले असते. निवडीचा पहिला प्रश्न ‘तुला काय येते?’ हा नसून ‘तुझे वय काय?’ हा असतो. या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पूर्वी कंपनी सरकारच्या सनदी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. १८५३ च्या कायद्याने ती वहिवाट मोडली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. परीक्षा खुली खरी, पण तिचे दार सातासमुद्रांपलीकडे होते. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर त्यातून आत शिरणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. पुढे १८६९ साली एकदम चौघे हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांपैकी रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त व सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे. चौथे आपल्या मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर.

आनंद फार दिवस टिकला नाही. उमेदवार एकवीस वर्षांच्या आतला असावा, असा नियम होता. सुरेंद्रनाथांनी १८६३ साली विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी आपले वय सोळा असे नोंदविले होते. त्या हिशेबाने ते मर्यादेबाहेर जात होते. ठाकुरांच्या बाबतीतही घोटाळा वयाचाच निघाला, आणि दोघांचीही नावे यादीतून वगळण्यात आली.

वास्तविक दोघांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती. आपल्याकडे मुलाला सोळावे लागले की घरची माणसे ‘सोळा’ म्हणतात. इंग्रज मनुष्य मात्र सोळा पुरी झाल्यावाचून तसे म्हणत नाही. पेपर उत्तम लिहिले, तरी दोन मोजण्यांमधील या फरकाने दोन तरुणांचे आयुष्य टांगणीला लागले! सुरेंद्रनाथांनी विलायतेतील वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली, तेव्हा परीक्षकांना नमते घ्यावे लागले व दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली.

वयाचे झाले, तसेच अंगचपळाईचे. अरविंद घोष लेखी परीक्षेत यशस्वी झाले, परंतु १८९२ साली घोड्यावर बसण्याची कसोटी त्यांनी पुरी केली नाही, म्हणून त्यांना नोकरी मिळाली नाही. दुसऱ्याच वर्षी ते बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याधिकारी निवडण्यासाठी मनाचीच परीक्षा घेणारी मंडळे निघाली. चित्र दाखवून गोष्ट लिहावयास लावणे, चारचौघांत घालून वागणूक पाहणे, अशा त्यांच्या तऱ्हा होत्या. आजच्या कारखान्यांतील चाचण्या याच कुळातल्या.

आता एक कबुली दिलीच पाहिजे. मी मास्तर असताना कित्येक पालक मूल घेऊन येत, पण जन्माची नोंद आणीत नसत. ‘दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात झाला’ एवढेच सांगत. सहा वर्षे पुरी दाखविल्याशिवाय प्रवेश देता येत नसे. तेव्हा आम्ही १ जून ही तारीख मांडून मोकळे होत असू. पटावर निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! पुढे त्यांतीलच एक हुशार मुलगा एका कारखान्याच्या चाचणीत उत्तीर्ण झाला, मुलाखतही चांगली झाली. पण दाखल्यावरील वय मर्यादेपेक्षा काही महिन्यांनी अधिक भरले, आणि त्याला परत पाठविण्यात आले. तो माझ्याकडे आला, मुळीच रागावला नाही. ‘गुरुजी, माझा खरा जन्म श्रावणातला, पुढल्या वर्षाचा,’ एवढेच म्हणाला. तारखेचे ते अक्षर माझे होते. सुरेंद्रनाथांना निदान न्यायालय तरी गाठता आले. या मुलाजवळ दाद मागावयास ना पैसा होता, ना अवधी.

श्रोतेहो, परीक्षा असू नये असे मी म्हणत नाही. वशिल्यापेक्षा परीक्षा शतपटीने बरी. परंतु प्रत्येक परीक्षेची पट्टी कोणीतरी आपल्या सोयीने आखलेली असते. उमेदवार कमी भरला, तर एकवार ती पट्टीही तपासून पाहावी, एवढीच या वृद्ध मास्तराची निवड करणारांना विनंती आहे. आणि आपल्या घरातील मुलांच्या जन्माची नोंद वेळेवर, खरी करून ठेवा, अशी आपणांस.