कपाशीचे परागवाहक

गोदाकाठच्या सोनपेठ तालुक्यातील कापसाचा इतिहास आपण जमीन, पाणी, बियाणे आणि भाव या चार शब्दांत सांगतो. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कोणी नेले, हा प्रश्न त्यात येत नाही. आमच्या मते तो यायला हवा. कारण शेतकऱ्याच्या घरचे बियाणे गेले कसे, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

फुले आणि कीटक यांच्यातील हा व्यवहार ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ साली सविस्तर मांडला. समकालीनांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याचे मोल पुढे डार्विनने ओळखले. कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. त्याचे पराग जड व चिकट असल्यामुळे वाऱ्यावर उडत नाहीत. बहुतेक फुले स्वतःच्याच परागांवर फळतात. पण आग्या, सातेरी, फुलोरी या माश्या रानात फिरल्या की थोडाफार संकर होतोच. निजामाच्या राजवटीत परभणी-नांदेडकडे ‘गावरानी’ कापूस पिके. घरी राखलेल्या सरकीत माश्यांनी केलेला हा संकर पिढ्यान्‌पिढ्या मुरत असे. त्याची मजुरी कोणी मागत नसे, मालकी कोणी सांगत नसे.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस सिद्ध केला. पुढे नांदेडच्या केंद्रातून आलेला ‘एनएचएच-४४’ मराठवाड्यात घरोघर पोचला. या वाणांच्या बीजोत्पादनात माशीची जागा माणसाच्या बोटांनी घेतली. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी निवडायची, नखाने तिचे पुंकेसर काढायचे, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी नर-वाणाचे फूल तिच्यावर अलगद फिरवायचे. टोपी असते ती परका पराग येऊ नये म्हणून. एरवीची मदतनीस माशी येथे उपद्रवी ठरते.

माशीचे काम माणसाकडे येताच त्याला मजुरी लागली, आणि ती कमीत कमी ठेवण्याची धडपडही सुरू झाली. आंध्र व गुजरातेतील अशा शेतांत लहान मुली मोठ्या संख्येने राबत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. दुसरीकडे, संकरित पिकाची सरकी राखून पेरली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून दर मृगाला नवी पिशवी घेणे आले. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि तीही आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणांतूनच आली. पराग नेणारा बदलला तसा बियाण्याचा धनी बदलला.

याचा अर्थ माशीचे काम संपले असा नव्हे. सूर्यफुलाचे दाणे भरण्यासाठी माश्या लागतात. त्या कमी असतील तर तळहाताला मलमलचे फडके गुंडाळून सकाळी फुलांवरून हलकेच हात फिरवावा, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. फुलोऱ्यात फवारणी करून माश्या मारायच्या आणि मग त्यांच्या कामाला मजूर शोधायचे, हा हिशेब शेतकऱ्याला परवडणारा नाही. तो जमाखर्चात दिसत नाही, कारण माशीची मजुरी आपण कधी मांडलीच नाही.