मेदाच्या गोळीतून औषध

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे जुने, गुणकारी औषध. पण ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. त्यामुळे ते किती द्यायचे याला मर्यादा पडे. यावरचा मार्ग निघाला भलत्याच ठिकाणी. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बाब्राहम येथे रक्तशास्त्रज्ञ अलेक बँगहॅम यांना दिसले की, काही मेदद्रव्ये पाण्यात आपोआप पोकळ गोळ्या बनवतात. याच लायपोसोम.

जेरुसलेमच्या बारेनहोल्झ व गॅबिझॉन यांनी त्यांत डॉक्सोरुबिसिन भरले; पण यकृत-प्लीहेतील भक्षकपेशी त्या गोळ्या गट्ट करीत. (शरीर सफाईत भलतेच दक्ष!) मग गोळीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर चढवला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून भक्षकपेशी गोळीला सहज पकडू शकत नाहीत. ती कित्येक दिवस रक्तात फिरते. व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा १०,००० वा भाग. हृदयातल्या धड रक्तवाहिन्यांतून ती सहसा बाहेर पडत नाही, गाठीतल्या गळक्या वाहिन्यांतून मात्र झिरपते.

अमेरिकेत १९९५ मध्ये कापोसी सार्कोमासाठी आणि १९९९ मध्ये, इतर औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगासाठी याला मान्यता मिळाली. हृदयाची इजा घटली; त्याऐवजी तळहात-तळपाय सोलवटू लागले. २०१२ मध्ये तिथे या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा भारतातल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ मागवावे लागले.